पथ्य कुठेतरी मोडलं असणार!

कर्करोगावरच्या पर्यायी उपचारांत एक हिशेब ठरलेला असतो. गुण आला तर श्रेय उपचाराचं, नाही आला तर रुग्णाने पथ्य नीट पाळलेलं नसतं, नाहीतर त्याची श्रद्धा कमी पडलेली असते. हा युक्तिवाद कुठून आला हे पाहायचं तर मॅक्स गर्सन (१८८१–१९५९) यांच्यापासून सुरुवात करावी लागते.

हे जर्मन डॉक्टर आधी अर्धशिशी आणि त्वचेच्या क्षयावर आहाराचे प्रयोग करत. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी देश सोडला आणि पुढे न्यूयॉर्कला कर्करोगाचे रुग्ण घ्यायला लागले. मीठ बंद, दिवसाला १३ पेले रस आणि वर कॉफीचे एनिमे, असा त्यांचा उपचार. गाजर-सफरचंदाचा, पालेभाज्यांचा रस तासातासाला ताजाच काढायचा. म्हणजे भाज्या धुणं, किसणं, दाबयंत्रातून पिळणं, यंत्र घासून ठेवणं, तेवढ्यात पुढचा पेला! हे दीड-दोन वर्षं. घरातलं एक धडधाकट माणूस पूर्णवेळ त्यातच अडकतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९४७ मध्ये गर्सन यांचे १० आणि १९५९ मध्ये ५० रुग्ण तपासले. उपचाराचा फायदा झाल्याचं आढळलं नाही. पण एवढ्या कडक दिनचर्येत कुठे ना कुठे चूक होणारच, त्यामुळे सबब कायम हाताशी राहिली.

त्याच वाटेवर पुढे टेक्सासचे दंतवैद्य विल्यम केली आले. त्यांनी भर दिला स्वादुपिंडाच्या विकरांवर, म्हणजे अन्न पचवणाऱ्या एन्झाइमांवर. १९८० मध्ये अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन त्यांच्या पद्धतीचे उपचार घ्यायला मेक्सिकोत गेला आणि त्याच वर्षी वारला. केलींची कागदपत्रं अभ्यासून न्यूयॉर्कच्या डॉ. निकोलस गोन्झालेझ यांनी ही पद्धत पुढे नेली: दिवसाला दीडशेपर्यंत गोळ्या, पथ्याचा आहार आणि तेच कॉफीचे एनिमे. ११ रुग्णांवरचे त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये छापून आले आणि आकडे इतके आशादायक होते की सरकारी पैशातून कोलंबिया विद्यापीठात रीतसर चाचणी सुरू झाली.

या चाचणीत रुग्णांची निष्ठाच आडवी आली. कोणाला केमो आणि कोणाला विकर हे चिठ्ठी टाकून ठरायचं होतं, पण त्याला फारसं कोणी तयार होईना. शेवटी ज्याला जे हवं ते निवडू द्यावं लागलं. एकूण ५५ जण. केमो घेतलेल्या निम्म्या रुग्णांनी १४ महिन्यांचा टप्पा गाठला. विकरवाल्यांच्या बाबतीत हाच आकडा ४.३ महिने निघाला. गोन्झालेझ यांचं म्हणणं काय? अनेकांनी उपचार नीट पाळलाच नाही. नाचता येईना, अंगण वाकडं.

खरं तर जो खंगला आहे, ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, तो दीडशे गोळ्या कशा गिळणार? तो गळतो, आणि मागे उरतात ते मुळात बऱ्या प्रकृतीचे. मग पथ्य पाळणारेच जगतात असं दिसणारच. याचा ढळढळीत पुरावा हृदयरोगाच्या एका अमेरिकी अभ्यासात सापडतो. १९८० मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांत औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळ्या नियमित घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत सुमारे १५ टक्के दगावले आणि टाळाटाळ करणाऱ्यांपैकी २८ टक्के. गोळीत काहीच नव्हतं!

जिद्दीचंही तसंच. 'लढाऊ वृत्ती'मुळे आयुष्य वाढतं ही कल्पना १९७०च्या दशकात पसरली, इस्पितळांतही रुजली. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या स्तनाचा कर्करोग झालेल्या ५७८ स्त्रियांच्या पाहणीत या वृत्तीचा जगण्याशी संबंध दिसला नाही. अगदी हताश झालेल्यांची अवस्था मात्र थोडी वाईट निघाली, आणि अशा रुग्णाला आधार द्यायला हवा याबद्दल कोणाचं दुमत नाही. पण आधार देणं वेगळं, 'तुझीच जिद्द कमी पडली' असं ऐकवणं वेगळं.

आपल्याकडे हा विषय नोव्हेंबर २०२४ मध्ये पेटला. नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या बरं होण्याचं श्रेय हळद, कडुनिंब आणि काटेकोर आहाराला दिलं. त्यावर परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी पत्रक काढून, अशा उपायांपायी सिद्ध झालेले उपचार लांबवू नका, असं लोकांना बजावलं. त्या बाईंवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी दोन्ही झाली होती, याची आठवणही रुग्णालयाच्या संचालकांनाच करून द्यावी लागली.