आचार्य, मंडयम पार्थसारथी तिरुमल

(१५ एप्रिल १८८७ – २० मार्च १९५४). भारतीय क्रांतिकारक, पत्रकार व अराज्यवादी (राज्यसंस्थाच नसावी असे मानणारे) लेखक. जन्म चेन्नईचा. तमिळ कवी सुब्रमण्य भारती यांच्या 'इंडिया' या तमिळ साप्ताहिकात ते काम करीत. सरकारी कारवाईमुळे १९०८ मध्ये हे पत्र फ्रेंच अंमलाखालील पुदुच्चेरीला हलवावे लागले. तेथून आचार्य युरोपात गेले आणि लंडनच्या इंडिया हाउस या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांचा नाशिकच्या क्रांतिकार्याशी संबंध आला.

त्या घरात नाशिकजवळच्या भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांचा शब्द चाले. तेथील आचारी चतुर्भुज अमीन याने १९०९ च्या आरंभी पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुले मुंबईस आणली. त्यांतल्याच एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला ठार केले. आचार्य त्याआधीच, ऑगस्टमध्ये, मोरोक्कोकडे निघाले होते. स्पेनशी लढणाऱ्या रिफ टोळ्यांत सामील होऊन युद्ध शिकावे, असा त्यांचा बेत होता, तो फसला.

पुढे पॅरिस, बर्लिन, स्टॉकहोम. ऑक्टोबर १९२० मध्ये ताश्कंद येथे स्थापन झालेल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे ते अध्यक्ष झाले. पण पक्षाचे संस्थापक मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी बिनसल्याने काही महिन्यांतच पक्षाबाहेर पडले. रशियातील एकपक्षीय सत्ता जवळून पाहिल्यावर त्यांचे मत कायमचे बदलले. राज्यकर्ते गोरे असोत वा देशी, हुकमत ती हुकमतच, ही त्यांची भूमिका पक्की झाली. १९२२ नंतर बर्लिनमधून त्यांनी युरोप-अमेरिकेतील अराज्यवादी पत्रांत सातत्याने लिहिले. स्वायत्त गावे आणि विकेंद्रित उत्पादन हे त्यांचे आवडते विषय. पिस्तुलाच्या मार्गाने निघालेला हा माणूस अहिंसेचा कट्टर पुरस्कर्ता बनला, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट होय.

१९३५ मध्ये ते मुंबईत आले. त्यांच्या पत्नी, रशियन चित्रकार माग्दा नाखमन, याही पुढे मुंबईत राहिल्या. १९३७ मध्ये सावरकरांची रत्नागिरीतील स्थानबद्धता संपली. त्याच वर्षी पुण्याच्या 'मराठा' या इंग्रजी साप्ताहिकात आचार्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. नाशिकच्या क्रांतिपर्वाचा अभ्यास करणाऱ्याने त्या अवश्य वाचाव्यात, कारण इंडिया हाउसमधील एका रहिवाशाची ती स्वतःची साक्ष आहे. मुंबईत उद्योजक रणछोडदास लोटवाला यांच्या समाजशास्त्र संस्थेशी आचार्य जोडले गेले. माग्दा १९५१ मध्ये वारल्या. हलाखी आणि क्षय यांतही आचार्य शेवटपर्यंत लिहीत राहिले.