धुऱ्यावर अडलेली बोट

"सर, इंजन साडेतीनशे हॉर्सपॉवरचं हाये. ताशी साठनं पयते. लाट कशी फेकत असंन, तुम्हीच सांगा!"

माझा एक जुना विद्यार्थी पवनीजवळ, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला लागून असलेल्या शेतात चार खोल्या बांधून पर्यटनाचा व्यवसाय सुरू करतो आहे. जलपर्यटनाच्या बातम्या वाचून त्याच्या डोक्यात वेकसर्फिंग शिरलं. बोटीच्या मागे उठणाऱ्या लाटेवर फळी टाकायची, सुरुवातीला दोर धरायचा आणि मग दोर सोडून लाटेच्या उतारावरून घसरत राहायचं, म्हणजे वेकसर्फिंग. वेकबोर्डिंगमध्ये पाय फळीला बांधलेले असतात, दोर सुटत नाही आणि बोटीच्या मागची लाट उडी मारायला उताराच्या पाटीसारखी वापरतात. दोन्हीसाठी एकच जुनी बोट, तीही इनबोर्ड, म्हणजे इंजिन आत आणि पंखा बुडाखाली असलेली, त्याला घ्यायची होती. फोनवर जाहिरात दाखवून तो हॉर्सपॉवरच सांगत होता.

मी म्हटलं, "लाट वेगाने होत नाही रे. होत असती तर सगळ्यात मोठी लाट स्पीडबोटीच्या मागे दिसली असती."

बोट तरंगते म्हणजे आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, एवढं आर्किमिडीजने आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. बोट दोन टनांची, तिच्या पिशव्यांत मुद्दाम भरलेलं पाणी सव्वा-दीड टन, वर सात-आठ माणसं. चार टन धरा. म्हणजे तलावात चार हजार लिटरचा खड्डा पडला, ट्रॅक्टरमागच्या टँकरपेक्षा थोडा लहान. बोट चालते तेव्हा हा खड्डा तिच्यासोबत चालतो. समोरचं पाणी दाबून वर येतं, मागचं पाणी खड्डा भरायला धावतं, भरण्याच्या नादात पातळीच्या वर जातं आणि पुन्हा खाली येतं. वेग वाढला की बोट पाण्यावर चढून घसरू लागते, खड्डा उथळ होतो आणि लाट बसते.

मग सगळ्यात मोठी लाट कोणत्या वेगाला? उत्तर पाण्याच्या एका विलक्षण सवयीत आहे. हवेतला आवाज जाड असो की बारीक, एकाच वेगाने जातो. खोल पाण्यावरच्या लाटा तशा नाहीत. लांब लाट भरभर जाते, आखूड लाट रेंगाळते. हिशोब सोपा आहे : वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, वर्ग करा, ०.६४ ने गुणा, की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. बोटीच्या सोबत टिकणारी लाट बोटीच्याच वेगाने चालायला हवी. त्यामुळे बोटीचा वेग ठरला की लाटेची लांबीही ठरली.

आता पाण्यातली लांबी साडेसहा मीटर असलेली बोट घ्या. ताशी ७ किलोमीटरला लाट सुमारे अडीच मीटरची, म्हणजे बोटीच्या अंगाला दोन-तीन उंचवटे. साडेअकराला लाट साडेसहा मीटरची : एक उंचवटा समोर, दुसरा बरोबर मागे आणि बोट दोघांच्या मधात आडवी निवांत. थोडा वेग वाढवला की लाट बोटीपेक्षा लांब होते. मागचा उंचवटा आणखी मागे सरकतो, बोटीचा मागचा भाग खळग्यात बसतो आणि नाक वर होतं. म्हणजे बोट स्वतःच उभ्या केलेल्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर म्हणा) चढायला बघते; पण ती पुढे सरकली की धुराही तेवढाच पुढे सरकतो. बंडी चढावावर अडावी आणि चढावच चालू लागावा, अशी गत. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात टॉर्की गावी लांबलचक टाकी बांधून जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून हेच मोजलं होतं. लाटेमुळे होणारा अडथळा सतत सारखा वाढत नाही, त्यात उंचवटे-खळगे असतात. साडेसहा मीटरच्या बोटीसाठी सगळ्यात मोठा उंचवटा ताशी साधारण १४-१५ किलोमीटरला येतो.

वेकसर्फिंग होतं १६ ते १९ ला. म्हणजे धुऱ्याच्या माथ्याजवळच. बाकीचे बोटवाले जोर लावून हा टप्पा पार करतात, हे लोक तिथेच थांबायला पेट्रोल जाळतात. कारण अडथळ्यात गेलेली ऊर्जा पाणी उचलण्यात जाते आणि उचललेलं पाणी म्हणजेच त्यांची लाट. वेकबोर्डिंगसाठी ३० ते ३७ चा वेग लागतो, तिथे बोट धुरा ओलांडून गेलेली असते. लाट बुटकी पण घट्ट, आणि वीसेक मीटर मागे दोरावर असलेल्या माणसाला तीच सोयीची.

इथे मला थोडं रमू द्या. घाईत असलेल्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी बोट बुडणार नाही.

बोटीमागे पाण्यावर इंग्रजी व्ही काढल्यासारखी खूण उमटते. १८८७ मध्ये लॉर्ड केल्विनने दाखवलं की पाणी खोल असेल तर त्या व्हीचा कोन सुमारे ३९ अंशच येतो, मग समोर जहाज असो की मालगुजारी तलावातलं बदक. हे सिद्ध करायला दहावीची भूमिती पुरते. बोट 'अ'पासून 'ब'पर्यंत ४ मीटर सरळ गेली असं धरा. 'अ'जवळून ती सुटली तेव्हा सगळ्या दिशांना लाटा निघाल्या. बोटीच्या सोबत राहू शकणारी तिरपी लाट बोटीपेक्षा हळू चालणारी असते. ती जिथे पोचली तो बिंदू आणि 'ब' जोडा, कोन काटकोन येतो. अर्धवर्तुळातला कोन काटकोन, म्हणून असे सगळे बिंदू 'अब' व्यास असलेल्या वर्तुळावर पडतात. पण खरी गंमत पुढे आहे. खोल पाण्यात लाटेचा उंचवटा ज्या वेगाने जातो, त्याच्या निम्म्या वेगाने तिची ऊर्जा जाते. पटत नसेल तर शांत तलावात दगड टाका आणि एकाच कड्यावर नजर ठेवा : ते बाहेरच्या काठाशी पोचून विरतं आणि आतून नवं उगवतं. उंचवटे पुढे पळतात, माल मागून येतो.

म्हणून वर्तुळही निम्मं घ्यायचं. व्यास २ मीटर, त्रिज्या १, केंद्र 'अ'पासून १ मीटरवर, म्हणजे बोटीपासून ३ मीटरवर. आता बोटीपासून या वर्तुळाला स्पर्शिका काढा. कोनाची साइन किंमत एक तृतीयांश, कोन साडेएकोणीस अंश. दोन्ही बाजूंचे मिळून ३९. बोटीचा वेग उत्तरात कुठेच नाही! (२०१३ मध्ये राबो आणि मोइसी या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी यात भर घातली. बोट तिच्या लांबीच्या मानाने फार वेगात असली तर डोळ्यांना दिसणारा ठळक व्ही आणखी अरुंद असतो. वेकबोर्डिंगच्या वेगाला ते लागू पडू लागतं.)

विद्यार्थी इथपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "सर, हे तर झालं. पण मंग बोट कोणती घ्याची जी?"

जड आणि मागे बसणारी. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या इनबोर्डपैकी बऱ्याच वॉटर-स्कीइंगच्या असतात आणि फसगत तिथेच होते. स्कीवाल्याला लाट नको असते, म्हणून त्या बोटींचं बूड सपाटसर, वजन कमी आणि इंजिन मधोमध ठेवलेलं असतं. बनवणाऱ्याने सगळी अक्कल लाट मारण्यात खर्च केलेली, आणि आपण ती लाटेसाठी घेणार. जाहिरातीत 'व्ही-ड्राइव्ह' शब्द शोधायचा. त्यात इंजिन मागच्या टोकाला उलटं बसवलेलं असतं, शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारी दांडी, आधी पुढे जाऊन गिअरमधून वळते आणि बुडाखालून मागे येते. त्यामुळे वजन आपोआप मागे पडतं, खड्डा खोल होतो.

मागचा खड्डा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी भरला तर दोन प्रवाह मधात धडकून नुसता फेस होतो. सर्फिंगसाठी एका बाजूचं पाणी जरा उशिरा पोचायला हवं. २०१२ च्या सुमारास अमेरिकेत बोटीच्या मागच्या कोपऱ्याला उघडणारी पाती बसवून हे साधलं गेलं आणि त्या बोटींचे भाव चढले. जुन्या बोटीत तेच काम वजन एका बाजूला जास्त भरून, बोट कलती करून होतं. तेव्हा पात्यांसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा बोट किती वजन पेलते ते आधी विचारावं. वजन मात्र पाण्याचंच असावं. आमचा विद्यार्थी रेतीची पोती म्हणत होता. बोटीत पाणी शिरलं तर पिशवीतल्या पाण्याला पाण्यात वजन उरत नाही. रेती बोटीला तळाशी घेऊन जाते.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेली, मोटर लावून वेकसर्फिंग करायचं नाही, यात तडजोड नाही. सर्फर बोटीच्या दोन-तीन मीटर मागे असतो आणि तिथेच पंखा फिरतो. इनबोर्डचा पंखा बुडाखाली, बराच पुढे. पण इनबोर्डचाही धूर मागेच निघतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. मागच्या फळीवर बसून पाय पाण्यात सोडायची हौस इंजिन बंद असतानाच करावी.

गेल्या महिन्यात आम्ही समुद्रकाठच्या एका शेडमध्ये एक बोट पाहून आलो. पांढरी, निळा पट्टा, गाद्या नव्या. मीटरवर इंजिन चालल्याचे ४१२ तास, पण स्टिअरिंगचं रबर बोटांच्या जागी झिजून गुळगुळीत झालेलं. मी पाच रुपयांचं नाणं काढून फरशीवर ठोकत गेलो. टण्, टण्, टण्, आणि इंजिनाच्या खोक्याजवळ भद्. पुन्हा ठोकलं, पुन्हा भद्. जुन्या बोटींत फायबरच्या आत लाकडी कड्या असतात, स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपत राहिलं की आतून कुजतात, वरून रंग चकचकीतच राहतो. इंजिन त्याच कड्यांवर बसवलेलं असतं, म्हणून कडी खचली की शाफ्टची रेषा बिघडते. शाफ्ट आणि गिअरच्या जोडावर दोन चकत्यांमधली फट चारही बाजूंना जवळजवळ सारखी हवी, केसाच्या जाडीएवढा फरकही जास्तच. पंखा हाताने फिरवला तर एका जागी अडत होता.

इंजिनाला थंड करायला बाहेरचंच पाणी खेचतात. त्या पंपात रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, असतो, आणि कोरडा चालला की जळतो. विहिरीवर मोटर असलेल्या शेतकऱ्याला हे समजवावं लागत नाही. आमच्याकडे जलपर्णीही आहे, नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं त्याच्या कृपेने. गाळणीत ती अडकली की पाणी बंद.

डॅशबोर्डला लिंबू-मिरची टांगलेली होती, ताजी. त्याच डॅशबोर्डवरचं ब्लोअरचं, म्हणजे इंजिनाजवळची हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचं, बटण दाबलं तर काहीच नाही, मागे वायर तुटलेली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड. कारमध्ये ती खाली पडून उडून जाते, बोटीत बुडाशी साचते. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी किमान चार मिनिटं ब्लोअर चालवायचा असतो आणि स्टार्टरसुद्धा ठिणगी बाहेर न पडणारा लागतो. इंजिन कारच्याच घराण्यातलं असलं म्हणून कारचा स्टार्टर बसवणारा मेकॅनिक आपल्याकडे भेटतोच. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात ती वाफ लिंबाला भीक घालत नाही. बोट आम्ही घेतली नाही.

परतीच्या रेल्वेत त्याने नवीन बेत काढला : बॅकवॉटरची भानगड नको, गावच्या तलावातच करू. माजी मालगुजारी तलाव कोहळी लोकांनी धानाला पाणी द्यायला बांधले. पसरट आणि उथळ. उथळ पाण्यात लाटेला वेगाची मर्यादा असते. खोली २ मीटर असेल तर ताशी १६ किलोमीटर. बोट त्याच वेगाला गेली की तिने उचललेलं पाणी तिच्यापासून सुटतच नाही, पुढ्यात साचत जातं. १८३४ च्या ऑगस्टमध्ये एडिनबर्गजवळच्या कालव्यात घोड्यांनी ओढलेली बोट अचानक थांबली आणि तिच्या नाकाशी साचलेला पाण्याचा ढीग एकटाच पुढे निघाला. जॉन स्कॉट रसेल हा स्कॉटिश अभियंता घोड्यावरून मैल-दोन मैल त्याच्या मागे गेला. विज्ञानाला एकाकी लाट मिळाली, पण सर्फरला तिचा उपयोग नाही आणि मातीच्या पाळीला तर नाहीच नाही. ताशी १७ ला लाट १४ मीटरची, तिला तळ लागू नये म्हणून निम्मी म्हणजे ७ मीटर खोली हवी. शिवाय मिनेसोटा विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २०२२ मध्ये लाटा मोजून या बोटींनी काठापासून ५०० फुटांहून जास्त दूर राहावं असं सुचवलं आहे.

गेल्या रविवारी एका मासेमार ढिवर काकांच्या डोंग्यातून आम्ही बॅकवॉटर मोजायला निघालो. दोराला दगड, दर मीटरला गाठ. काका म्हणाले, त्या बाजूच्या डोहात आसरा, म्हणजे पाण्यातल्या अप्सरा, माणसाला ओढतात. दगड सोडला : तीन गाठी, डोंगा हातभर सरकवला, नऊ गाठी. जुन्या नदीचा काठ तिथे पाण्याखाली कड्यासारखा तुटला आहे. कमरेच्या पाण्यातून चालत येणारा माणूस एका पावलात बुडेल, ओढायला कुणी लागत नाही. पण जागा काकांनी अचूक सांगितली होती. त्याच पट्ट्यात खोली मिळाली. बाकी सगळीकडे चार-पाच गाठी आणि बुडालेल्या झाडांचे खुंट.

मी वहीत पट्टा आखला. दोन्ही काठांचे पाचशे-पाचशे फूट सोडले, खुंटांची बाजू सोडली. काका वाकून बघत होते. पेन्सिल मागून त्यांनी उरलेल्या पट्ट्यावर तीन आडव्या रेघा मारल्या.

"हे आमचे जाळे," म्हणाले. "पाऊस संपल्यावर इथंच राह्यतेत."

विद्यार्थ्याने वही घेतली आणि रेघांच्या मधली अंतरं विचारायला लागला.