बोकुरानो

बोकुरानो : मोहिरो कितो यांच्या याच नावाच्या जपानी चित्रकथेवर (मांगा) आधारलेली २४ भागांची अ‍ॅनिमे (जपानी चलच्चित्र) मालिका. निर्मिती गोंझो स्टुडिओ, दिग्दर्शन हिरोयुकी मोरिता, प्रसारण एप्रिल ते सप्टेंबर २००७. महाकाय यंत्रमानवांच्या ‘मेका’ कथाप्रकारात ती मोडते. प्रत्येक लढाईमागे एका मुलाचा अटळ मृत्यू उभा आहे आणि मालिकेचे सारे लक्ष त्या मृत्यूकडे आहे.

उन्हाळी शिबिरासाठी समुद्रकिनारी आलेली पंधरा मुले एका गुहेत शिरतात. तेथे राहणारा कोकोपेली नावाचा माणूस त्यांना एका खेळात सामील व्हायला सांगतो : प्रचंड यंत्र चालवायचे आणि पृथ्वीवर चालून येणाऱ्या शत्रूंना एकेक करून हरवायचे. बहुतेक मुले सातवीच्या वयाची आहेत. जुन उशिरोची बहीण काना तेवढी त्यांच्याहून लहान. करार होतो, कोकोपेली एक लढाई करून दाखवतो आणि दिसेनासा होतो. पुढे कोएमुशी हा खेळण्यासारखा दिसणारा, तोंडाने फटकळ प्राणी मुलांना लढाईच्या जागी नेतो-आणतो. सुमारे ५०० मीटर उंचीच्या त्या यंत्राला मुले ‘झीअर्थ’ म्हणू लागतात.

या कथेतले नियम बारकाईने पाहावे लागतात, कारण सारे नाट्य त्यांच्यावरच उभे आहे. एका लढाईला एकच चालक असतो. त्याचे नाव आधी पुकारले जाते. लढाई मात्र लगेच होईलच असे नाही, आणि मधला काळ त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांत काढावा लागतो. यंत्र हातांनी चालवायचे नसते, ते मनाने चालते. चालककक्षात वर्तुळात मांडलेल्या खुर्च्या असतात. प्रत्येक खुर्ची त्या त्या मुलाच्या आयुष्यातून आलेली. प्रतिस्पर्ध्याच्या गाभ्याचा चुराडा केला की विजय मिळतो. ४८ तासांत निकाल लागला नाही किंवा हार झाली, तर साऱ्या विश्वाचा नाश ठरलेला असतो. यंत्राला लागणारी ऊर्जा चालकाच्या प्राणातून येते. त्यामुळे जिंकणारे मूलही लढाई संपताच मरते. समोरचा शत्रूही दुसऱ्या कुठल्या समांतर पृथ्वीवरची माणसेच असतात, हे पुष्कळ उशिरा उलगडते. म्हणजे एक विश्व वाचवायचे तर दुसरे पुसून टाकावे लागते.

हे नियम मुलांना एकदम सांगितले जात नाहीत. पहिला चालक ताकाशी वाकु विजयानंतर यंत्रावरून समुद्रात पडतो आणि तो अपघात वाटतो. उशिरोच्या धक्क्याने तो पडला, असाच समज होतो. दुसऱ्या लढाईनंतर मासारु कोदामाही मरतो, तेव्हा कराराचा खरा अर्थ कळू लागतो. वाचक-प्रेक्षकाला भीतीची ओळख टप्प्याटप्प्याने करून देणारी ही रचना कितो यांच्या कौशल्याचा उत्तम नमुना आहे. त्यापुढची प्रत्येक कथा एकाच प्रश्नाभोवती फिरते : मरण ठरले आहे, तर उरलेल्या दिवसांत काय करायचे? भावंडांचा सांभाळ करणारा दाइची यामुरा याचे उत्तर एक आहे, इसाओ काकोचे अगदी निराळे. आणि ही उत्तरे नेहमी उदात्त नसतात.

मूळ चित्रकथा शोगाकुकान प्रकाशनाच्या ‘इक्की’ या मासिकात क्रमशः आली. आरंभाचे वर्ष कोठे २००३, कोठे २००४ असे दिलेले आढळते. जपानी मासिकांवर प्रत्यक्ष प्रकाशनाच्या पुढच्या महिन्याचे नाव छापण्याची प्रथा असल्याने हा फरक पडला असावा. समाप्ती २००९ मध्ये झाली आणि एकूण ११ खंड निघाले.

‘बोकुरानो’ची परंपरा बहुधा ‘इव्हान्जेलियन’ या मेका मालिकेशी (१९९५–९६) जोडली जाते. यंत्रात बसवलेले, मनाने खचलेले मूल हे साम्य उघड आहे. तथापि मृत्यूच्या बाबतीत दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांचे जुने काम अधिक जवळचे वाटते. ‘झाम्बॉट ३’ (१९७७–७८) या मालिकेत लोक यंत्र चालवणाऱ्यांवरच उलटतात, आणि तिघा कोवळ्या चालकांपैकी दोघे शेवटी जीव गमावतात. कितो यांच्या स्वतःच्या ‘नारुतारु’ या आधीच्या चित्रकथेतही (१९९८–२००३) मुलांच्या दुःखाकडे असेच न डगमगता पाहिलेले आहे, ‘बोकुरानो’चे सर्वांत निकटचे मूळ तेथेच शोधावे लागेल.

चित्रकथा आणि मालिका यांतील तफावत हा सर्वाधिक वादाचा मुद्दा आहे. मूळ कथा आपल्याला आवडत नाही, असे मोरिता यांनी प्रसारणाच्या काळातच जाहीरपणे लिहिले आणि वाचकांचा रोष ओढवून घेतला. बदलांना कितो यांची संमती होती, मात्र मुलांना जादूने वाचवू नये अशी त्यांची अट होती, असे मोरिता यांच्याच निवेदनावरून दिसते. दिग्दर्शकाची नावड हेच सर्व बदलांचे कारण मानणे फारसे पटत नाही. २००७ मध्ये चित्रकथा अपुरी होती, तिचा शेवट दोन वर्षे दूर होता. मालिकेला स्वतःचा शेवट रचणे भागच होते. मालिकेत काही मुलांच्या पूर्वायुष्यातले कठोर तपशील सौम्य झाले, सरकार आणि लष्कर यांच्या हालचालींना जागा मिळाली आणि काना जिवंत राहिली. यामुळे ‘कसे मरायचे’ या प्रश्नाइतकाच ‘मुलांना येथवर कोणी आणले’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. पहिल्या प्रश्नाची धार चित्रकथेत अधिक टिकली आहे. दुसरा मात्र मालिकेने विचारायलाच हवा होता.

मोरिता यांनी पूर्वी स्टुडिओ घिब्ली या अ‍ॅनिमे निर्मितीसंस्थेसाठी ‘द कॅट रिटर्न्स’ (२००२) हा चित्रपट दिग्दर्शित केला होता. त्याचे संगीतकार युजी नोमी यांनीच या मालिकेला संगीत दिले. पात्ररेखन केनइची कोनिशी यांचे. चिआकी इशिकावा यांनी गायलेले ‘अनइन्स्टॉल’ हे शीर्षकगीत मालिकेबाहेरही लोकप्रिय झाले.

‘बोकुरानो : ऑल्टरनेटिव्ह’ ही कादंबरीमाला याच करारावर बेतलेली असून तिच्या ५ खंडांत काही मुले वेगळी आहेत.