खपली गहू

साल न सुटणारा गहू तो खपली. शास्त्रीय नाव ट्रिटिकम डायकोकम. जगभर त्याला एमर म्हणतात, इटलीत फारो, कर्नाटकात सदक, तर आपल्याकडे काही गावांत जोड गहू. दक्षिण महाराष्ट्र, उत्तर कर्नाटक आणि सौराष्ट्र हे त्याचे भारतातले मुख्य पट्टे. सातारा-सांगलीत कृष्णा, वारणा, येरळा या नद्यांकाठच्या मळीच्या आणि काळ्या रानांत तो पूर्वापार होतो. आज उसाने वेढलेल्या शिवारातही घरच्या खिरीपुरते दोन वाफे राखणारी माणसे आहेत.

नावाचा उलगडा रानातच होतो. पिकलेली लोकवनची ओंबी तळहातावर चोळून फुंकर मारली की फोल उडते आणि हातात मोकळे दाणे उरतात. खपलीची ओंबी चोळा, कुसळे बोटांत रुततात, ओंबीचे तुकडे पडतात आणि दाणा दिसतच नाही. प्रत्येक तुकडा ही एक कणिशिका. तिच्या चिवट तुसांत दोन दाणे जोडीने बसलेले असतात. डायकोकम म्हणजे दोन दाण्यांचा. ‘जोड’ हे आपले नावही तेच सांगते. जखमेवर धरते तशी ही साल दाण्याला घट्ट धरून असते, म्हणून खपली.

पीक उंच वाढते, ओंबी दाट आणि दोन्ही बाजूंनी चपटी, कुसळे लांब. दाणा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, तांबूस आणि काचेसारखा कठीण असतो. गुणसूत्रे २८. पोळीच्या नेहमीच्या गव्हात ती ४२ असतात, कारण एमरच्या वंशातील गव्हाचा एका रानगवताशी संकर होऊन तो गहू जन्मला. म्हणजे लोकवन आणि शरबती ही खपलीच्या कुळाची पुढची पिढी. बन्सी मात्र २८ गुणसूत्रांचाच, खपलीचा सख्खा भाऊ म्हणावा असा. फरक एवढाच की त्याची साल सुटते. दुकानात बन्सी खपली म्हणून खपतो तो या सारखेपणामुळेच. शंका आली तर सालीसकट दाणा मागून पाहावा.

एमर माणसाळला तो पश्चिम आशियात, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी. त्याचा रानटी पूर्वज वनस्पतिशास्त्रज्ञ आरोन आरोन्सोन यांना १९०६ मध्ये गॅलिलीतील रोश पिना येथे उगवलेला सापडला. रानटी ओंबी पिकली की आपोआप गळून विखुरते. माणसाने न गळणारी ओंबी निवडत नेली, साल मात्र तशीच राहिली. प्राचीन इजिप्तची भाकरी आणि बिअर याच गव्हाची. भारतीय उपखंडात बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या उत्खननात तो बार्लीच्या जोडीने आढळला आहे.

परदेशी शास्त्रज्ञांना ‘खपली’ हा मराठी शब्द ठाऊक झाला तो तांबेरा या गव्हाच्या बुरशीजन्य रोगामुळे. खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत स्टेकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये बारा गव्हांचा संच ठरवला, त्यातला एक खपली. पुढे याच गव्हातून एसआर १३ आणि एसआर १४ ही तांबेरारोधक जनुके मिळाली. आपल्या भागात हा गुण फार मोलाचा, कारण तांबेऱ्याचे बीजाणू निलगिरी-पलनीच्या डोंगरांत उन्हाळा काढतात आणि वाऱ्यापावसाबरोबर उत्तरेकडे येतात.

पेरणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, बहुधा सोयाबीन निघाल्यावर. काढणी साधारण मार्चमध्ये. हा कोरडवाहू गहू नव्हे, पाणी लागतेच. जुने उंच वाण भरपूर खत-पाणी मिळाले की लोळतात. म्हणून धारवाडच्या कृषी विद्यापीठाने डीडीके १००१, १०२५, १०२९, तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस २९७१ असे वाण दिले, त्यांतले बरेच बुटके. मळणीनंतर पोत्यात येतात त्या कणिशिकाच, आणि त्यांच्या वजनात पाव हिस्सा साधारण सालीचाच. साठ-सत्तरच्या दशकांत कल्याणसोनासारखे भरघोस वाण आल्यावर खपली मागे पडली. त्यात उताऱ्याइतकाच या सडण्याच्या, म्हणजे कांडून साल काढण्याच्या, कटकटीचाही वाटा असावा असे मला वाटते.

पूर्वी हे काम उखळात चाले. गव्हाला पाण्याचा हबका मारून तो थोडा मुरू द्यायचा, मग मुसळाने बेताने कांडायचा. घाव जोराचा बसला की दाणा फुटतो, हलका पडला तर साल हलत नाही. मग सुपात पाखडायचे आणि पुन्हा उखळात. आता गिरणीत सडून मिळतो.

सडलेल्या खपलीची खीर हे सातारा-सांगलीचे खरे पक्वान्न. जतकडे कानडी वळणाने हिलाच हुग्गी म्हणतात. गहू रात्रभर भिजवून, दाणा बोटाने चेपेल इतका शिजवायचा आणि मगच गूळ घालायचा. आधी पडला तर दाणा आखडतो, मग कितीही जाळ घाला, तो मऊ होत नाही. सुके खोबरे, वेलदोडा, जायफळ, सुंठ. ताटात वरून दूध आणि तूप. भंडाऱ्यात ती काहिलीने शिजते. पुरणपोळी, सांजा, उन्हाळ्यातल्या शेवया आणि रुखवतातले गव्हले यांनाही जुन्या बायका खपलीच मागतात.

खपली गव्हात प्रथिने आणि तंतू चांगले असतात, पचन सावकाश होते, त्यामुळे मधुमेहींना तो सुचवला जातो. पाकिटांवरचा ‘ग्लुटेनमुक्त’ हा दावा मात्र निखालस खोटा आहे. यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिकट प्रथिन, असते, फक्त त्याला ताण कमी. सीलियाक रोग असलेल्यांनी, म्हणजे ज्यांना ग्लुटेन सोसत नाही त्यांनी, तो खाऊ नये.

सालीमुळे बियाण्याला कीड उशिरा लागते. दळायचा गहू सडतात, पेरायचा कधीच नाही. सडताना अंकुराला मार बसून उगवण कमी होते. पेरणी सालीसकटच करतात आणि कित्येकदा एकाच जागी दोन कोंब वर येतात.