ई-मेलची पोच : धंद्याचा पत्रव्यवहार कायद्यात टिकावा म्हणून

"अहो, मेल केला होता त्यांना" आणि "आमच्याकडे मेल आलाच नाही" ही दोन वाक्यं आमच्या टेबलावर सतत समोरासमोर येतात. भोसरीतला जॉबवर्क करणारा असो, मार्केट यार्डातला व्यापारी असो की बाणेरमधली छोटी सॉफ्टवेअर कंपनी, भांडण पैशाचं असतं आणि येऊन अडतं ते पोचेवर.

पुण्यातल्या छोट्या उद्योगांचा अधिकृत ई-मेल पत्रव्यवहार आम्ही सांभाळतो. नोटिसा, थकबाकीची स्मरणपत्रं आणि माल नाकारल्याची पत्रं पाठवणं, त्यांची पोच जपणं, आणि वेळ आलीच तर वकिलांच्या हातात नीट कागद देणं, हे आमचं काम. आमच्याकडे येण्याआधी काही गोष्टी तुम्हाला माहीत असलेल्या बऱ्या, म्हणून हे पत्रक.

ई-मेल कायद्याला चालतो का?

चालतो. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. कायद्याला जिथे 'लेखी' हवं असतं तिथे इलेक्ट्रॉनिक नोंद चालते, फक्त ती पुढेही काढून पाहता आली पाहिजे, असं त्याचं कलम ४ सांगतं. करार ई-मेलवर झाला एवढ्याच कारणावरून तो बाद ठरत नाही, हे कलम १०-अ मध्ये आहे. ट्रायमेक्स आणि वेदांता या कंपन्यांमधला बॉक्साइटचा व्यवहार २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सह्यांचा रीतसर कागद व्हायचाच होता, तरी ई-मेलच्या देवाणघेवाणीतून करार झाला असं न्यायालयाने धरलं. मृत्युपत्र मात्र ई-मेलवर होत नाही, आणि खरेदीखतासाठी दुय्यम निबंधकाकडे जावंच लागतं.

मग 'रजिस्टर्ड ई-मेल' म्हणजे काय?

इटलीत २००५ पासून 'पेक' नावाची व्यवस्था आहे. सरकारच्या यादीतल्या संस्थेकडून मेलपेटी घ्यायची. तिथून पत्र पाठवलं की दोन पावत्या मिळतात : पत्र स्वीकारल्याची आणि समोरच्याच्या पेटीत पडल्याची. या पावत्यांना तिथे रजिस्टर एडीइतकंच वजन आहे आणि कंपन्यांना असा पत्ता ठेवणं सक्तीचं आहे. युरोपीय संघानेही २०१४ च्या ९१० क्रमांकाच्या नियमावलीत नोंदणीकृत इलेक्ट्रॉनिक टपालाला जागा दिली. इटलीतल्या खरेदीदाराच्या फॉर्ममध्ये 'पेक' असा रकाना दिसला तर तो याचा.

आपल्या कायद्यात अशी सक्तीची नोंदणीकृत मेलपेटी नाही. 'सरकारमान्य रजिस्टर्ड ई-मेल' असं म्हणून कोणी सेवा विकत असेल तर कोणत्या कलमाखाली, हे जरूर विचारा. हा प्रश्न आम्हालाही विचारा. आम्ही देतो तो पुरावा : कोणता मजकूर, कोणत्या पत्त्यावर, किती वाजता गेला. कायद्याचं बळ त्या पुराव्यातून येतं, आमच्या नावातून नाही.

पत्ता आधी ठरवा

या पत्रकातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, समोरच्याने पत्रव्यवहारासाठी एखादा ई-मेल पत्ता ठरवून दिलेला असेल, तर मेल त्या पत्त्याच्या यंत्रणेत शिरला त्याच क्षणी तो मिळाला असं धरतात. त्याने उघडला का, वाचला का, हा प्रश्न मग मागे पडतो. पत्ता ठरलेला असताना तुम्ही भलत्याच पत्त्यावर, म्हणजे परचेसमधल्या एखाद्या साहेबांच्या खासगी मेलवर पाठवलंत, तर ते तो मेल उघडतील तेव्हाच तो मिळाला असं होतं. फरक फार मोठा आहे, आणि तो एका ओळीने मिटतो. तुमच्या कोटेशनवर, पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) किंवा करारात ही ओळ घाला :

"या व्यवहारासंबंधीच्या सर्व सूचना व नोटिसा उभय पक्षांनी पुढील ई-मेल पत्त्यांवर पाठवाव्यात. पत्ता बदलल्यास सात दिवसांत लेखी कळवावे. तोपर्यंत जुन्या पत्त्यावर पाठवलेले पत्र पोचले असे समजले जाईल."

खाली दोघांचे पत्ते आणि दोघांच्या सह्या. यासाठी आमच्याकडे यायचीही गरज नाही. आमची सेवा घेतलीत आणि ही ओळ राहून गेली, तर मात्र आमचं निम्मं काम लंगडं पडतं.

बऱ्याच जणांच्या तयार मसुद्यात "आपली पोच मिळाल्यावरच हे पत्र बंधनकारक राहील" असं वाक्य असतं. ते काढून टाका. अशी अट पाठवणाऱ्यानेच घातली आणि पोच आली नाही, तर कलम १२ प्रमाणे ते पत्र पाठवलंच नव्हतं असं धरलं जातं. साधं "पोच द्यावी" लिहायला हरकत नाही. पोच कशी द्यायची हे ठरलेलं नसेल तर "मिळालं, बघतो" एवढं उत्तरही पोच म्हणून चालतं.

पंधरा दिवस कुठे जातात

समजा तुमचं भोसरीत वर्कशॉप आहे, उद्यम नोंदणी झालेली आहे, आणि ३ जूनला तुम्ही चाकणच्या कंपनीला पार्ट पोचवले. एमएसएमई विकास कायदा, २००६ नुसार खरेदीदाराने पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं मानतात. पैसे द्यायची मुदत कराराने ठरवली तरी त्या दिवसापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं.

आता ऑगस्टमध्ये तुम्ही बिलाचा तगादा लावला आणि उत्तर आलं, "माल रिजेक्ट होता, तुमच्या सुपरवायझरला फोनवर सांगितलं होतं." फोन लेखी नव्हे. माल पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी चलनाची सही केलेली प्रत जोडून "इतके नग पोचले, हरकत असल्यास याच ई-मेलवर लेखी कळवावी" असा मेल ठरलेल्या पत्त्यावर गेलेला असेल, तर सुविधा परिषदेपुढे, म्हणजे याच कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या मंडळापुढे, तारखांचा वाद फारसा उरत नाही. खरेदीदार तुम्ही असाल तर हेच उलट लागू : माल खराब असेल तर पंधरा दिवसांच्या आत मेल करा, फोनवर भागवू नका.

आम्ही नेमकं काय करतो

तुमचं पत्र पीडीएफ करून डिजिटल सहीनिशी आमच्या सर्व्हरवरून जातं. समोरचा सर्व्हर त्यावर आकड्यात उत्तर देतो. २५० म्हणजे घेतलं. ५५० म्हणजे नाकारलं, बहुधा तसा पत्ताच तिथे नाही. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने. मग आमचा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. हे प्रत्येक उत्तर सेकंदासकट नोंदवलं जातं. पूर्वी कचेरीत आवक-जावक रजिस्टर असे, तसंच हे. 'वाचल्याची पावती' समोरच्याला नाकारता येते, म्हणून आम्ही तिच्यावर विसंबत नाही.

त्याच वेळी पत्राचा हॅश काढून ठेवतो. शा-२५६ पद्धतीने कुठल्याही फाइलचा चौसष्ट चिन्हांचा ठसा निघतो. पत्रातला एक स्वल्पविराम बदलला तरी सगळा ठसा बदलतो. मजकूर नंतर फिरवला, या आरोपाला यापेक्षा नेमकं उत्तर नाही.

हे कागद न्यायालयात मांडायचे तर प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि त्यातल्या कलम ६५-ब ची जागा कलम ६३ ने घेतली. प्रमाणपत्राचा नमुना आता कायद्याच्या अनुसूचीतच दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. हॅशही तिथे लिहायचा असतो. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, ते जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात दिसलं. उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाही, याच्या व्हिडिओ चित्रणावरून तो वाद होता. मूळ उपकरणच न्यायालयात आणता येत नसेल तर प्रमाणपत्र हवंच, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं.

म्हणून कळकळीची विनंती : मूळ मेल पुसू नका. स्क्रीनशॉटचं प्रिंट आणि फॉरवर्ड केलेला मेल या दोन्हींत मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून, कधी, कोणत्या सर्व्हरमधून आला याची मेलसोबतची नोंद, राहत नाही. मेलचा सगळा माग त्या हेडरमध्येच असतो.

सरकारी मेल

जीएसटी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे, नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेलवर आलेली नोटीस बजावलेलीच समजतात. आणि तो ई-मेल पुष्कळ दुकानदारांच्या बाबतीत जुन्या कर सल्लागाराचा असतो! सल्लागार बदलला, पत्ता तोच राहिला. नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस आली तर उत्तराला कामाचे सातच दिवस मिळतात. आज पोर्टलवर जाऊन पत्ता बघा आणि स्वतःचा टाका. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर आकुर्डीच्या कंपनी निबंधक कार्यालयाच्या नोंदीत कोणता ई-मेल आहे, तेही तपासा.

चेक परत आला असेल तर

बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस चेक देणाऱ्याला पैसे भरायला असतात. अशा नोटिशीसाठी आम्ही एकट्या ई-मेलचा सल्ला देत नाही. नीट पत्ता घालून पाठवलेलं रजिस्टर टपाल पोचलं असं कायदा गृहीत धरतो, तो आधार सोडू नये. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आहे, तेव्हा स्पीड पोस्ट करताना पोचेची सोय मागून घ्या. ई-मेल त्याच दिवशी जोडीला जाऊ द्या, आणि मसुदा वकिलांकडूनच करून घ्या.

येताना पीओ किंवा कराराची प्रत, ज्यावरून समोरच्याचा ई-मेल कळतो तो कागद, आणि डिजिटल सहीचं टोकन असेल तर ते आणा. मुदतीचं काम असेल तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. समोरचा सर्व्हर बंद असेल तर पुन्हा पाठवायला निदान दोन दिवस हाताशी लागतात.