फोनवर अचानक न समजणारा इशारा आला तर: तक्रार कुठे, कोण करू शकते, कागदपत्रे कोणती

फोनच्या पडद्यावर अचानक काहीतरी झळकते. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला', 'नवीन उपकरणावरून लॉग-इन झाले', 'कॉल फॉरवर्डिंग सुरू आहे', नाहीतर कानठळ्या बसवणारा भोंगा आणि खाली सरकारी मजकूर. बहुतेक जण घाबरून त्यावर बोट ठेवतात किंवा बाजूला सारून विसरून जातात. दोन्हींत नुकसान होऊ शकते. अशा गोष्टी कळवण्यासाठी भारतात सरकारी सोय आहे, तीही विनामूल्य. पण कोणती तक्रार कुठे करायची हे ठाऊक नसल्याने माणूस चुकीच्या ठिकाणी अर्ज करतो आणि हातातला सर्वांत मोलाचा वेळ निघून जातो.

खात्यातून पैसे गेले असतील तर पुढचे वाचत बसू नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, मग बँकेला कळवा, उरलेले नंतर वाचा.

इशारा कोणी पाठवला ते आधी पाहा

प्रत्येक इशाऱ्याची तक्रार करायची नसते. अँड्रॉइड फोनवर नोटिफिकेशन दाबून धरले की ती कोणत्या अ‍ॅपकडून आली ते दिसते. घाईत पुसली गेली असेल तर अँड्रॉइड ११ आणि त्यापुढच्या फोनमध्ये सेटिंग्जमधील नोटिफिकेशन हिस्ट्री उपयोगी पडते. मात्र ही नोंद आधीपासून सुरू असावी लागते, म्हणून ती आजच सुरू करून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्येही करून द्या, कारण 'काहीतरी आलं होतं, पण गेलं' हे वाक्य त्यांच्याकडूनच जास्त ऐकू येते.

व्हायरसच्या इशाऱ्यावर ब्राउझरचे नाव दिसत असेल, तर बहुधा कुठल्यातरी संकेतस्थळाला नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी दिली गेलेली असते. फोनला काही झालेले नसते. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन ती परवानगी काढली की प्रकरण संपते. त्या इशाऱ्यावर दाबून एखादे 'सफाईचे' अ‍ॅप घेतले असेल तर मात्र गोष्ट वेगळी. पुढे सांगितलेला पुरावा आधी घ्या, मग ते अ‍ॅप काढून टाका. ते निघत नसेल, तर त्याला दिलेली अ‍ॅक्सेसिबिलिटीची आणि डिव्हाइस अ‍ॅडमिनची परवानगी आधी बंद करा. फोन साफ करणारी विनामूल्य साधने हवी असतील तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर ती मिळतात.

भोंग्यासारखा आवाज करून येणारा संदेश हा सेल ब्रॉडकास्ट असतो. २०२३ मध्ये दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने देशभर त्याच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा असंख्य लोक दचकले होते. हा संदेश ठरावीक टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी जातो. त्यासाठी तुमचा नंबर माहीत असावा लागत नाही. 'चाचणी' असे लिहिलेले असेल तर काहीच करायचे नाही. खऱ्या आपत्तीचा असेल तर त्यात सांगितले आहे ते करायचे.

साध्या एसएमएसच्या बाबतीत पाठवणाऱ्याचे नाव नीट वाचा. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२५ च्या नियमांनुसार नोंदणीकृत संस्थांच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर जोडले जाते: जाहिरातीसाठी पी, सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी आणि सरकारी संदेशासाठी जी. 'सरकारी' म्हणवणारा संदेश साध्या दहा आकडी नंबरावरून आला असेल तर तो संशयास्पदच समजा.

अ‍ॅपलकडून 'तुमच्या आयफोनवर हल्ला होत असावा' असा इशारा आल्यास संदेशातली कोणतीही लिंक न उघडता अ‍ॅपलच्या खात्यात स्वतः लॉग-इन करा. इशारा खरा असेल तर तिथे वरच्या बाजूला तो दिसतो. खऱ्या इशाऱ्यात कधीही पासवर्ड किंवा कोड मागितला जात नाही, एखादे अ‍ॅप घ्यायलाही सांगितले जात नाही. भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये काही विरोधी पक्षनेत्यांना आणि पत्रकारांना असे इशारे आले होते आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने त्याची चौकशी हाती घेतली होती.

दोन इशारे मात्र क्षणभरही बाजूला ठेवू नका. पहिला कॉल फॉरवर्डिंगचा. कुरियरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याचे सांगून कोणीतरी तुमच्याकडून एखादा कोड डायल करून घेतो आणि त्यानंतर तुमचे कॉल, त्यासोबत कॉलवरून सांगितले जाणारे ओटीपी, दुसऱ्याच फोनवर जाऊ लागतात. *#२१# डायल केल्यावर स्थिती कळते, ##००२# डायल केल्यावर सगळे फॉरवर्डिंग रद्द होते. दुसरा इशारा सिम बदलण्याच्या विनंतीचा. तुम्ही विनंती केलेली नसताना असा संदेश आला आणि थोड्या वेळाने नेटवर्कही गेले, तर कोणीतरी तुमच्या नावाने नवे सिम घेतलेले असू शकते. दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला आणि बँकेला लगेच कळवा. सिम बदलल्यानंतर नव्या सिमवर २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम नेमका याचसाठी आहे. हे २४ तास तुमचे आहेत, ते वाया घालवू नका.

पुरावा आधी, सफाई नंतर

हे मी आग्रहाने सांगतो, कारण अर्ज इथेच लंगडा पडतो. माणूस घाबरतो, मेसेज पुसतो, अ‍ॅप उडवतो, फोन रीसेट करतो आणि मग तक्रार करायला जातो. तोवर दाखवण्यासारखे काही उरलेले नसते. फोनचे इंटरनेट बंद करा म्हणजे पुढची हानी थांबेल, मग स्क्रीनशॉट घ्या. त्यात तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा पूर्ण नंबर किंवा नाव आणि संपूर्ण मजकूर आला पाहिजे. संशयित अ‍ॅप काढण्यापूर्वी त्याचे नाव आणि त्याला दिलेल्या परवानग्यांचाही फोटो घ्या, हवे तर दुसऱ्या फोनने. एपीके फाइल (जिच्यावरून अ‍ॅप थेट फोनमध्ये बसते) कोणी चॅटवर पाठवली असेल तर ते चॅट तसेच राहू द्या.

पैसे गेलेले नाहीत, पण संदेश संशयास्पद आहे: चक्षू

दूरसंचार विभागाचे संचार साथी पोर्टल मे २०२३ मध्ये सुरू झाले. त्यातली चक्षू ही सुविधा मार्च २०२४ मध्ये आली आणि जानेवारी २०२५ पासून संचार साथीचे मोबाइल अ‍ॅपही आहे. फसवणुकीचा संशय असलेला कॉल, एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश इथे कळवता येतो.

पात्रता साधी आहे. संदेश तुम्हाला आलेला असावा, गेल्या ३० दिवसांतला असावा आणि ओटीपीसाठी तुमचा मोबाइल चालू असावा. आईच्या फोनवर आलेला संदेश कळवायचा असेल तर तिचा फोन जवळ घेऊन बसा, म्हणजे ओटीपीसाठी खोळंबा होणार नाही. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, शुल्क यांपैकी काहीच लागत नाही.

पोर्टलवर नागरिक सेवांमध्ये चक्षू निवडा. संदेश कशावरून आला ते सांगा, मग फसवणुकीचा प्रकार निवडा: केवायसीच्या नावाने, वीज किंवा गॅस कनेक्शनच्या नावाने, सरकारी अधिकारी असल्याचे भासवून, वगैरे. स्क्रीनशॉट जोडा, तारीख-वेळ आणि थोडक्यात तपशील भरा, ओटीपी देऊन अर्ज पाठवा.

इथे अपेक्षा नेमकी ठेवा. चक्षू पैसे परत मिळवून देत नाही, गुन्हाही नोंदवत नाही. कळवलेल्या नंबराची पुन्हा पडताळणी होते आणि तीत तो टिकला नाही तर बंद केला जातो. तुमच्या एका अर्जाने दुसऱ्या कोणाचे तरी खाते वाचू शकते, म्हणून पाच मिनिटे काढून तो भराच.

नुसत्या नकोशा जाहिराती असतील तर तो चक्षूचा विषय नाही. त्यासाठी १९०९ किंवा ट्रायचे डीएनडी अ‍ॅप आहे.

आपल्या नावावर आणखी कोणाचे सिम आहे का?

सिमशी संबंधित कोणताही इशारा आल्यावर ही तपासणी जरूर करा. संचार साथीवर 'आपल्या नावावरील मोबाइल कनेक्शन जाणून घ्या' या सेवेत आपला नंबर, कॅप्चा आणि ओटीपी दिला की यादी येते. नियमाने एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त ९ कनेक्शन असू शकतात, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडील राज्यांत ६. यादीत अनोळखी नंबर दिसला तर 'माझा नंबर नाही' हा पर्याय निवडून कळवा आणि मिळालेला संदर्भ क्रमांक जपून ठेवा. कागदपत्र एकही लागत नाही. एक अडचण येते: तुम्ही वापरत असलेले सिम मुलाच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल, तर यादी त्यांच्या नावाची दिसते, तुमच्या नाही.

पैसे गेले असतील तर: १९३० आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल

१९३० वर फोन करताना कागद गोळा करत बसण्याची गरज नाही. विचारले जाते ते एवढेच: तुमचे नाव आणि मोबाइल नंबर, कोणत्या बँकेतून किंवा वॉलेटमधून पैसे गेले, खाते किंवा कार्डचा क्रमांक, व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम. पिन, सीव्हीव्ही, ओटीपी कोणी विचारत नाही. विचारले तर फोन चुकीच्या ठिकाणी लागला आहे असे समजा. हेल्पलाइनचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे बनावट 'कस्टमर केअर' नंबर टपून बसलेले असतात. १९३० हा चार आकडी नंबर पाठ असू द्या.

तुमची माहिती नोंदवली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि ठकाच्या खात्यात पैसे अजून असतील तर ते तिथेच थोपवले जातात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात काही मिनिटांत फिरवले जातात. म्हणून 'आधी घरच्यांना विचारू, उद्या बँकेत जाऊ' हा विचार महागात पडतो. रात्र असो, सुट्टी असो, फोन लावा. लागला नाही तर पोर्टलवर थेट तक्रार करा.

फोननंतर पोच क्रमांक मिळतो. त्या आधारे २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर पूर्ण तक्रार भरा. तिथे लागणारी कागदपत्रे अशी:

- ओळखपत्राची प्रत: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पारपत्र, यांपैकी एक
- बँकेचे विवरण, ज्यात तो व्यवहार दिसतो
- व्यवहार क्रमांक किंवा यूटीआर
- इशाऱ्याचे, चॅटचे, अ‍ॅपचे स्क्रीनशॉट
- संशयिताचा नंबर, यूपीआय आयडी, संकेतस्थळ, जे काही हाती असेल ते

घटनेचे वर्णन किमान २०० अक्षरांचे लागते. ते आधी वहीत किंवा नोट्समध्ये क्रमवार लिहून घ्या: इशारा कधी आला, त्यात काय होते, तुम्ही काय केले, त्यानंतर काय झाले. लाजेपोटी काही लपवू नका. 'मी लिंक दाबली' हे लिहिल्याने तुम्ही गुन्हेगार ठरत नाही, उलट तपासाला दिशा मिळते.

पैसे गेले नसले तरी खाते बळकावले, फोटो चोरले, धमकी आली, तर त्याच पोर्टलवर इतर सायबर गुन्ह्यांच्या भागात तक्रार होते. महिला आणि मुलांसंबंधी लैंगिक मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. गुन्हा नोंदवायला पोलीस ठाण्यात गेलात आणि 'हे आमच्या हद्दीत नाही' असे ऐकायला मिळाले, तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करा. गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद त्यात आहे.

बँकेला लेखी कळवणे

१९३० वर फोन केला म्हणून बँकेला कळवण्याची जबाबदारी सुटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर शून्य जबाबदारी येते. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ती मर्यादित राहते. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे आपली चूक असली तरीही लवकर कळवण्यातच हित आहे. अर्जाची पोच घ्या, नुसते तोंडी सांगून परत येऊ नका.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या तक्रार पोर्टलवर विनामूल्य दाद मागता येते. त्यासाठी बँकेला दिलेल्या अर्जाची हीच पोच, सायबर पोर्टलचा पोच क्रमांक आणि व्यवहाराचे विवरण जोडावे लागते. थोपवलेली रक्कम खात्यात परत येण्यासाठी अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो, त्याची चौकशी तक्रार ज्या पोलीस ठाण्याकडे वर्ग झाली आहे तिथे करायची. तक्रार कुठवर आली हे पोर्टलवरच पोच क्रमांक टाकून पाहता येते.