धातूच्या विषावर गंधकाचा उतारा

पाऱ्याचं आणि गंधकाचं जमतं, हे आपल्या रसवैद्यांना शेकडो वर्षांपासून ठाऊक होतं. खलात दोन्ही घोटले की काळीभोर कज्जली तयार होते. सेंद्रिय संयुगातला गंधकही पाऱ्याला तसाच धरून ठेवतो, हे मात्र १८३४ साली पुढे आलं. कोपनहेगनच्या विल्यम क्रिस्टोफर झाइसने अल्कोहोलसारखंच, पण ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेलं एक अतिशय घाण वासाचं द्रव्य बनवलं. ते पाऱ्याशी चटकन संयोग पावतं म्हणून त्याने त्याला मर्कॅप्टन म्हटलं. सिलिंडरचा गॅस गळला की जो वास येतो, तो याच द्रव्याचा.

पाण्यात विरघळलेला धातूचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, एकटा नसतो, पाण्याचे रेणू त्याला वेढून असतात. सोडियम, कॅल्शियम यांचं तेवढ्यावर भागतं. पारा, शिसं, कॅडमियम यांना मर्कॅप्टनसारखा गंधक भेटला की ते पाणी सोडून त्याला चिकटतात आणि गंधकावरचा हायड्रोजन आयन होऊन द्रावणात सुटतो. कोणता धातू कोणाकडे ओढला जाईल याची रीतसर मांडणी आर्लँड, चॅट आणि डेव्हिस या रसायनशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये आणि पिअरसनने १९६३ मध्ये केली. या ओढीवर चालणारं, धातूच्या विषबाधेवरचं औषध मात्र त्याआधीच हाती आलं होतं.

त्याची वाट युद्धातून गेली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत ल्युइसाइट हा आर्सेनिकयुक्त, कातडीवर फोड आणणारा विषारी पदार्थ तयार झाला. आर्सेनिक शरीरातल्या गंधकावरच घाला घालतं, असं कार्ल व्होगट्लिन १९२३ मध्ये सांगून चुकला होता. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स, स्टॉकन आणि थॉम्पसन उतारा शोधू लागले, तेव्हा एक गंधक असलेली संयुगं कितीही ओतली तरी निष्प्रभ ठरत होती. मग केसातल्या केराटिन या प्रथिनावर प्रयोग करताना दिसलं, की आर्सेनिकचा एक अणू दोन गंधकांना बांधला जातो. मला तरी या साऱ्या इतिहासातली खरी कलाटणी हीच वाटते. शेजारी-शेजारी दोन गंधक असलेला छोटा रेणू त्यांनी बनवला आणि आर्सेनिक चिमट्यात सापडावं तसं त्यात अडकलं. हेच डायमरकॅप्रॉल, ऊर्फ बाल (ब्रिटिश अँटी-ल्युइसाइट). आर्सेनिकचं पेशीतलं मुख्य लक्ष्य असलेलं लिपोइक आम्ल १९५१ मध्ये वेगळं काढलं गेलं, तर त्यातही दोनच गंधक निघाले!

बाल पाण्यात नीट विरघळत नाही आणि टिकतही नाही. म्हणून ते चक्क शेंगदाण्याच्या तेलात मिसळून स्नायूत टोचतात, आणि ते इंजेक्शन चांगलंच दुखतं. शरीरात तांबं साचणाऱ्या विल्सनच्या आजारातही ते वापरून झालं. पण जन्मभर अशा सुया कोण घेणार? पेनिसिलिन घेतलेल्यांच्या लघवीत गंधकाचं एक अमिनो आम्ल, पेनिसिलामाइन, सापडतं हे ब्रिटिश डॉक्टर जॉन वॉल्शला आठवलं. त्याने ते आधी स्वतः घेऊन पाहिलं, मग रुग्णांना दिलं. १९५६ मध्ये तोंडाने घेण्याचं हे औषध प्रसिद्ध झालं.

त्याच वर्षी मे महिन्यात जपानमधल्या मिनामाताच्या आजाराची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्या सांडपाण्यातला मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं एक सेंद्रिय संयुग, माशांत आणि माशांमधून माणसांत गेला होता. इथे गंधकाची दुसरी बाजू दिसते. त्याचा पाऱ्याशी बंध पक्का असला, तरी पारा एका गंधकावरून दुसऱ्यावर झटकन उडी मारतो. सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटलेला मिथाइल पारा मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखा दिसतो आणि त्याच्याच वाटेने मेंदूत शिरतो. त्यामुळे मिथाइल पाऱ्याच्या विषबाधेत बाल देत नाहीत, कारण तो पारा मेंदूकडे वळण्याचीच भीती असते. पाण्यात विरघळणारी डीएमएसए आणि डीएमपीएस ही दोन गंधकांचीच भावंडं पारा लघवीवाटे बाहेर काढतात, पण मेंदूची झालेली हानी त्यांनी भरून येत नाही.